न मोडणारी फ्रेम

चष्मा कसा मोडला हे गिऱ्हाईक कधीच धड सांगत नाही. "आपोआप मोडला हो" हे ठरलेलं उत्तर. मग हळूहळू बाहेर येतं की त्यावर कुणीतरी बसलं होतं, नाहीतर साहेब चष्मा लावूनच झोपले होते. मी चौदा वर्षं या दुकानात मागच्या टेबलाशी बसून फ्रेमा सरळ करते, त्यामुळे मला विचारावंच लागत नाही. कुणी वर बसलं तर फ्रेम दोन्हीकडून सारखी फाकते. हातातून पडली तर एखादा कोपरा दुखावतो. आणि चष्मा चेहऱ्यावर असताना बाजूनं फटका बसला, तर त्या बाजूची दांडी आत वळते, बिजागरीचा स्क्रू तिरका होतो आणि त्याच बाजूचा नाकावरचा पॅड चपटा होतो. दुसऱ्या बाजूला साधा ओरखडाही नसतो. ही तिसरी तऱ्हा मला कुणी शिकवली नाही. माझ्या स्वतःच्या पाच फ्रेमा मी अशा सरळ केल्या आहेत.

माझा नवरा फिजिओथेरपिस्ट. आता माझा नाही, पण फिजिओथेरपिस्ट आहेच. त्याच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणतं. म्हातारी माणसं काठी टेकत त्याच्याकडे जातात आणि काठी काखेत मारून बाहेर येतात. आमच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांचा गुडघा त्यानंच बरा केला. आमची फारकत झाली तेव्हा काका महिनाभर माझ्याशी घुश्शात होते. "एवढा देवमाणूस तुला सांभाळता आला नाही?" असं त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं. मी स्क्रू शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाही.

लोकांना मी सांगते की मीच त्याला सोडलं. साफ खोटं. एके दिवशी चहा घेता घेता तो म्हणाला, "मला कंटाळा आला." मला वाटलं चहाचा. पण तो माझ्याबद्दल बोलत होता. भांडण नाही, तंटा नाही. त्यानं कप विसळून ठेवला आणि माझ्या कपड्यांसाठी स्वतः बॅग काढून दिली. सहा वर्षं मार खाल्लेल्या बाईनं त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. मी त्या बॅगेवर बसून रडले आणि त्याला विचारलं, "माझं काय चुकलं?"

वर्षभरात त्यानं दुसरं लग्न केलं. आणि तेव्हापासून मी जळायला लागले. जळणं म्हणजे उगाच आपलं थोडं वाईट वाटणं नव्हे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाजारात ती दोघं दिसली की मी भाजीवाल्याच्या छत्रीआड उभी राहून बघायची. पिशव्या त्याच्या हातात. ती मोकळ्या हातांनी पुढे. एकदा तिच्या चपलेचा पट्टा निघाला, तर हा गृहस्थ भर रस्त्यात गुडघ्यावर बसून तो लावत होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे रागानं बघत होत्या. माझ्यासाठी तो कधी वाकला नाही, असं मी घरी येऊन उशीला सांगितलं. तेही खोटंच. पहिल्या वर्षी माझ्यासाठीही वाकला होता. पण जळणाऱ्या माणसाची आठवण मोठी सोयीची असते.

मला एकच प्रश्न छळायचा. तो हिला मारत नसेल, तर मला का मारलं? याचं उत्तर मला दिसत होतं आणि ते गिळवत नव्हतं. ती सुंदर असेल, शहाणी असेल, तिला बोलायची रीत असेल. म्हणजे हात त्याचा, पण दोष माझा. दोन वर्षं हे मी रोज दातांखाली धरून चावत होते.

मग एका सकाळी ती दुकानात आली.

मी तिला लांबून शंभरदा पाहिलं होतं, पण टेबलाच्या एवढ्या अंतरावरून प्रथमच. केस कानापर्यंत कापलेले, भांग उजवीकडे. अगदी मी त्याची बायको असताना ठेवायची तसे. मनात म्हटलं, नवरा घेतलास तो घेतलास, आता केसही? तिनं रुमालातून चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला. "ताई, यावर मी बसले."

डावी दांडी आत वळली होती. डावा पॅड चपटा. उजवी बाजू नवीकोरी.

मी दुरुस्तीची चिठ्ठी ओढली. "फोन नंबर?" ती सांगू लागली. शेवटचे चार आकडे तिच्या तोंडून बाहेर पडायच्या आधी माझ्या पेनानं लिहून टाकले होते. मीसुद्धा सहा वर्षं सगळीकडे त्याचाच नंबर द्यायची. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते, मग खुशाल नावं ठेवा. मला आनंद झाला. आतून उकळी फुटावी तसा. हिलाही! म्हणजे मी एकटीच नव्हते, दोष माझा नव्हता, सुंदर असून, शहाणी असून, चपलेचा पट्टा लावून घेऊनही हिच्या गालावर तोच हात पडतो. मला तिथल्या तिथे उठून चहा सांगावासा वाटला.

हा आनंद मिनिटभरही टिकला नाही, कारण लगेच मनात हिशेब सुरू झाला. मला लग्नानंतर सातव्या महिन्यात पहिली थप्पड बसली. हिला दोन वर्षांनी? एवढे दिवस त्यानं हात आवरला? म्हणजे हिच्यावर त्याचा जीव जास्त. बघा, काय पण हेवा! मार उशिरा सुरू झाला म्हणून एक बाई दुसरीवर जळत होती.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बोलले तर हिला कळेल की मी कोण, आणि ही घरी जाऊन सांगेल, "तुझी पहिली अजून जळतेय", आणि तो हसेल. त्याचं ते हसू मला नको होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला तिला काही द्यायचं नव्हतं. तिच्याकडे आधीच खूप आहे असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

म्हणून मी माझ्या धंद्यातलं जे होतं ते दिलं. कपाटातून ती लवचीक धातूची फ्रेम काढली, तिच्यासमोर दांडी बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. दांडी सरळ झाली. "ही घ्या. कशीही वाकवा, परत जागेवर येते. मोडत नाही. मी स्वतः वापरलीय."

"तुम्ही?" ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तुम्हाला कशाला लागली?"

"मी फार धडपडायची."

"मीपण फार धडपडते," ती म्हणाली. एवढंच आमचं बोलणं झालं. मी तिच्या काचा नव्या फ्रेममध्ये बसवल्या, चष्मा तिच्या कानांवर नीट टेकतो का ते पाहिलं, आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. किती मोठं मन माझं, असं वाटत होतं.

त्यानंतर चार महिने ती आली नाही. पहिला महिना मी दार वाजलं की मान वर करायची. दुसऱ्या महिन्यात माझ्या डोक्यात नवा किडा शिरला. आली नाही, म्हणजे चष्मा वाकला नाही. वाकला नाही, म्हणजे मार थांबला. म्हणजे तो सुधारला, आणि सुधारला तो तिच्यासाठी. मी सहा वर्षं नवस केल्यासारखी वाट पाहिली ते या बयेला काही न करता मिळालं. आता तर माझी झोपच उडाली. जेवायच्या सुट्टीत मी मुद्दाम लांबच्या गल्लीनं त्याच्या क्लिनिकवरून जाऊ लागले. काचेतून दिसायचा, एखाद्या आजीचा खांदा हळूहळू फिरवताना, तिला काहीतरी सांगून हसवताना. मी डबा न खाताच परत यायची.

आपण दिलेली फ्रेम न मोडणारी आहे, हे माझ्या लक्षात का आलं नाही? चौदा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला? जळफळाट माणसाला आंधळं करतो असं मी म्हणणार नाही. मला सगळं दिसत होतं. मी फक्त मला हवं ते मोजत होते.

मग तो मंगळवार. दुपारचे बारा वाजले असतील. काका एकदम खुर्चीतून उठले, "या, या, डॉक्टर!" म्हणाले, आणि मी मान वर केली तर तो. एका हातानं तिचं कोपर धरलेलं. तिच्या चेहऱ्यावर माझीच फ्रेम, विकली त्या दिवशी होती तशी सरळ.

"अरे, तू अजून इथेच?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. इतक्या आपुलकीनं, की ऐकणाऱ्याला वाटावं माझी काळजी करकरून हा वाळला असेल. "बरी आहेस ना? बारीक झालीस." आणि काकांना म्हणाला, "हिला दोन दिवस डोळ्यासमोर ठिणग्या दिसतायत. म्हटलं, नंबर वाढला असेल. हॉस्पिटलात उगाच घाबरवतात."

आमच्याकडे डोळे तपासायला एक बाई बसतात, आतल्या अंधाऱ्या खोलीत. फार कमी बोलतात आणि कुणाची भीड ठेवत नाहीत. त्या तिला आत घेऊन गेल्या. बाहेर तो काकांचा गुडघा दाबून बघत होता आणि वाट पाहणारी दोन गिऱ्हाइकं आपले गुडघे पुढे करत होती. त्याला मजा येत होती. मला इथे बसलेली बघण्याची मजा, हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं. दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या.

"नंबरबिंबर काही नाही," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याचा पडदा फाटलाय. कोपऱ्यातून काळी सावली उतरतेय म्हणते ती. आजच्या आज डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्या, नाहीतर डोळा जाईल. मार कसला लागला?"

"कपाटाचं दार," तो लगेच म्हणाला. "मी हिला हजारदा सांगितलंय, बघून चालत जा."

"चष्मा घातलेला होता?"

"घातलेला होता," ती आतल्या खोलीच्या दारातून म्हणाली.

"मग डोळ्याचा पडदा फाटेपर्यंत फटका बसला आणि चष्म्याला काहीच नाही?"

"आमची फ्रेम आहे ती!" काका छाती फुगवून म्हणाले. "मोडतच नाही."

 साधी फ्रेम असती तर पहिल्याच फटक्यात वाकली असती, ती महिन्याभरात परत आली असती, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि कधीतरी काकांनीसुद्धा विचारलं असतं की बाई, तुम्ही चष्म्यावर किती वेळा बसता? मी ती सोयच बंद केली होती. चार महिने तो मारत होता, आणि दुरुस्तीला काही येत नव्हतं म्हणून मी तिच्या सुखावर जळत होते.

"कपाट नाही," मी म्हणाले. आवाज माझा वाटलाच नाही. "त्यानं मारलंय. मलापण मारायचा."

 तो चिडला नाही. लोक म्हणतात, रागाच्या भरात हात उठतो. याला राग कधी यायचाच नाही, हेच मला सहा वर्षं कुणाला पटवता आलं नव्हतं. त्यानं खेदानं मान हलवली आणि बाईंना हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही माझी पहिली बायको. अजून सावरली नाही बिचारी. आम्हाला बाजारात लपून बघत असते. माझ्या क्लिनिकवरून रोज चकरा मारते. जळते हो."

काकांनी खाली पाहिलं. गिऱ्हाइकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत किती पटकन सगळं जुळलं ते मला दिसलं. टाकलेली बाई. असं होतंच.

आणि खोटं तर तो बोललाच नव्हता.

"हो, जळते," मी म्हणाले. "छत्रीआड उभी राहून बघते, चकरा मारते, सगळं खरं. दोन वर्षं जळतेय. का, ते ऐका. मला वाटत होतं की हा हिला मारत नाही. मला मारलं आणि हिला मारत नाही, म्हणून जळत होते." मग मी त्याच्याकडे न बघता तिच्याकडे वळले. "मारायच्या आधी तो घड्याळ काढून ठेवतो. सावकाश. काचेला चरा जाऊ नये म्हणून उलटं ठेवतो. आणि मारून झालं की त्याला भूक लागते. आपण ताट वाढायचं. तो जेवतो, आणि…"

"…आणि म्हणतो, आज मीठ अगदी बरोबर पडलंय," ती म्हणाली.

 डोळे तपासणाऱ्या बाई तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"चल," तो तिला म्हणाला. हात पुढे केला. गोड आवाज, जराही वर न गेलेला. "हॉस्पिटलात मी नेतो. डोळा महत्त्वाचा की यांच्या गप्पा?"

ती त्या हाताकडे बघत राहिली. मला माझी बॅग आठवली, आणि त्या बॅगेवर बसून मी विचारलेला तो प्रश्न. हिनंही तोच विचारला आणि हात धरला, तर डोळा जाईल, आणि नंतर काय काय जाईल कोण जाणे. 

"तू म्हणायचास, हिला कधी बोटही लावलं नाही," ती त्याला म्हणाली. "हिच्या हाताला चव, हिच्या बोलण्यात गोडवा. हिच्यासारखी हो म्हणजे मला हात उचलावा लागणार नाही. मी केससुद्धा हिच्यासारखे कापले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी मी चष्म्यासाठी आले नव्हते. चष्मा कुठेही झाला असता. तुमच्यात एवढं काय आहे ते बघायला आले होते. ताई, मी तुमच्यावर इतकी जळत होते, इतकी, की तुमचं तोंड बघून मला रडू यायचं बाकी होतं."

माझ्या वेळी त्याची कॉलेजातली कुणी एक होती. तिच्यासारखं हसायला मी आरशासमोर शिकले होते. ती खरंच होती का, की त्यानं बनवलेली, हे मला आजतागायत माहीत नाही.

त्यानं हात मागे घेतला, आणि घड्याळात पाहिलं. "एक वाजता पेशंट आहे माझा," तो म्हणाला. तिला नाही, कुणालाच नाही. वाईट वाटलं, राग आला, भीती वाटली, यातलं काही त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडलं नसतं. दाराशी थांबून तो काकांना म्हणाला, "गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका बरं."  तो गेल्यावर ते त्यांच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "अगं, मी तुला काय काय बोललो." मी म्हटलं, "काका, ते नंतर. आधी गाडी बोलवा."

गाडीत ती डाव्या डोळ्यावर तळवा धरून बसली होती. तिनं मला आपलं मानलंय असं वाटून मला लाज वाटायला लागली, आणि लाज मला गप्प बसू देत नाही.

"तुझा चष्मा बघितला तेव्हाच मला कळलं होतं," मी म्हणाले. "सगळं. आणि मला आनंद झाला होता."

 एका चौकात गाडी थांबली, निघाली.

"मलापण झाला असता," ती म्हणाली.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीनं मान खाली ठेवूनच फॉर्म भरायला घेतला. दुकानातल्या बाईंनी फोन करून ठेवला होता, त्यामुळे आत तयारी चालली होती. वय, पत्ता. पत्ता विचारल्यावर ती अडखळली, मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी माझा पत्ता सांगितला.

"मिस्टर आलेत का सोबत?"

"नाही," ती म्हणाली. "आणि आले तर त्यांना आत सोडू नका. तसं लिहून ठेवा."

मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. तिनं ते खरंच लिहिलं, आणि खाली रेघ मारली. मग पेन माझ्याकडे रोखून विचारलं, "सोबत तुम्ही ना? पेशंटशी नातं काय?"

मैत्रीण म्हणायला जीभ वळेना. कालपर्यंत मी तिचं वाटोळं चिंतत होते. बहीण म्हटलं असतं तर फारच गोडगोड झालं असतं, आणि गोड बोलणारं माणूस आम्ही दोघींनी पुरेसं भोगलं होतं.  मागे रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले.

"सवत लिहा," ती म्हणाली.

मुलीला वाटलं, थट्टा चाललीय. ती माझ्याकडे बघून हसली आणि खऱ्या उत्तराची वाट बघत थांबली.

"लिही गं," मी म्हणाले. "सही कुठे करायची?"